आईला जपानमध्ये कुठे न्यायचं? कोयासान आणि कुमानोची वाट

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. आपली एक श्रोती आहे, साताऱ्याकडची, सध्या ओसाकात नोकरी करते. ती म्हणते, "ताई, आई पहिल्यांदाच माझ्याकडे येतेय. आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढलाय तिनं. सगळे म्हणतात टोकियो दाखव, डिस्नी दाखव, क्योटोच्या लाल कमानींखाली फोटो काढ. पण आई माळकरी आहे, कांदा-लसूणही खात नाही. गर्दीत तिला घुसमटतं. आणि परवा फोनवर विचारते काय, 'तिकडच्या देवळात आपल्याला आत घेतील ना गं?' मी काय सांगू तिला?"

मेसेज ऐकला आणि जरा वेळ गप्पच बसले. कारण हा प्रश्न त्या माउलीला उगाच नाही पडलेला. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून २०१६ साली प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. आपल्याकडच्या बाईला देवळाच्या पायरीवर एक क्षण थांबून "जाऊ का आत?" असं वाटणं, हे आपल्या इतिहासातूनच आलंय.

तर आज मी तिला, आणि तिच्याबरोबर तुम्हालाही, दोन जागा सांगणार आहे. दोन्ही ओसाकाच्या दक्षिणेला, एकाच डोंगराळ प्रदेशात. एका जागी बायकांना हजारेक वर्षं बंदी होती. दुसरी जागा बायका, गरीब, आजारी, सगळ्यांना घेते म्हणून प्रसिद्ध होती. पहिलीचं नाव कोयासान, दुसरीचं कुमानो.

आधी नकाशा डोक्यात बसवू

ओसाकाच्या खाली समुद्रात घुसलेला जमिनीचा मोठा तुकडा दिसतो, तो म्हणजे की द्वीपकल्प. "की" हे नावच आहे हां. आत सगळे डोंगर आणि देवदाराची जंगलं. त्यातला बराच भाग वाकायामा नावाच्या प्रांतात येतो. इथली तीर्थक्षेत्रं आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. नुसती देवळं नाहीत, चालायच्या वाटासुद्धा! आपल्याकडे आळंदी आणि पंढरपूरबरोबर मधला वारीचा रस्ताही वारसा म्हणून जपायचा ठरवला तर कसं, तसं काहीसं.

आणि एक गंमत. आपल्या महाराष्ट्र सरकारनं २०१३ साली याच वाकायामाबरोबर सहकार्याचा करार केलाय. त्याचा एक धागा पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

कोयासान: डोंगरातलं गाव

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई कंपनीची गाडी पकडायची. जलद गाडी साधारण ऐंशी मिनिटांत डोंगराच्या पायथ्याशी सोडते. तिथल्या स्टेशनचं नाव गोकुराकुबाशी. गोकुराकु म्हणजे बौद्ध ग्रंथांतली सुखावती, आणि बाशी म्हणजे पूल. सुखावतीचा पूल! तिथून दोरानं ओढली जाणारी केबल कार पाचेक मिनिटांत उभा चढ वर नेते. मग बस. स्टेशनपासून गावाकडे जाणारा पहिला रस्ता बससाठीच राखीव आहे, तिथून चालत जायला मनाई आहे. त्यामुळे "चल आई, जरा चालू या" असं तिथे करू नका.

वर सुमारे ८०० मीटर उंचीवर एक पठार आहे, भोवती आठ शिखरं. जपानी लोक म्हणतात, कमळाच्या पाकळ्या आणि मधे गाव. शंभराहून जास्त मठ-मंदिरं, आणि त्यांच्यामध्येच शाळा, पोस्ट, किराणा, सगळं नांदतं.

हे वसवलं कुकाई नावाच्या भिक्षूनं. जन्म ७७४चा. ८०४ साली तो चीनला गेला आणि तिथून मंत्र, मंडलं, होम यांचा बौद्ध मार्ग शिकून आला. या पंथाचं नाव शिंगोन. शब्दशः अर्थ "सत्य वचन", आणि हा आपल्या "मंत्र" शब्दासाठी केलेला प्रतिशब्द. ८१६ साली सम्राटाकडून त्याला हा डोंगर मिळाला. ८३५ साली तो गेला असं इतिहासाची पुस्तकं म्हणतात. कोयासानचे लोक म्हणतात, गेला नाही, समाधीत बसलाय.

आळंदीला आपण काय म्हणतो? संजीवन समाधी. ज्ञानोबा आत आहेत. अगदी तीच भावना. फरक इतकाच, की इथे आजही रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, भिक्षू त्याच्यासाठी जेवण घेऊन जातात. आता ही प्रथा तुमच्या आईला तुम्ही समजावून सांगायची गरज आहे का? तीच तुम्हाला समजावेल.

ओकुनोइन: दोन लाख थडग्यांमधून

कुकाईच्या समाधीकडे जाणारी वाट म्हणजे ओकुनोइन. इचिनोहाशी या पहिल्या पुलापासून सुमारे दोन किलोमीटर. दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे देवदार, आणि त्यांच्या मुळांशी शेवाळ चढलेली दोन लाखांहून जास्त थडगी आणि स्मारकं. घाबरायचं काही नाही, चढही फारसा नाही. फक्त पावसात दगड निसरडे होतात.

इथे ओडा नोबुनागाचं स्मारक आहे, आणि ज्या सरदारानं त्याचा घात केला त्या आकेची मित्सुहिदेचंही आहे. जन्मभर लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर विसावलेत. कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली स्मारकंही आहेत, एक तर चक्क रॉकेटच्या आकाराचं. आणि माझं आवडतं म्हणजे कीड-नियंत्रणवाल्यांच्या संघटनेनं मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलं स्मारक. हसू येतं आधी. मग वाटतं, पोटासाठी जीव मारावे लागतात याची इतकी जाणीव ठेवणं सोपं नाही.

शेवटचा पूल आला की थांबायचं. गोब्योबाशी. याच्या पलीकडे फोटो नाही, व्हिडिओ नाही, खाणं-पिणं नाही, टोपी काढायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हात सवयीनं फोनकडे गेलाच. शेजारी एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण मीच फोन बंद करून पिशवीत टाकला. मंडळी, आपल्यासाठी ते स्थलदर्शन असतं, पण त्या माणसाच्या घरातलं कुणीतरी तिथे असतं. रील अलीकडच्या बाजूला करा, पलीकडे नुसतं बघा.

पूल ओलांडला की दिव्यांचं दालन, तोरोदो. दहा हजारांहून जास्त दिवे. त्यांतल्या एका जुन्या दिव्याला "गरीब बाईचा दिवा" म्हणतात. दंतकथा अशी, की एका गरीब मुलीनं आईवडिलांच्या आठवणीसाठी आपले केस विकले आणि एक दिवा दिला. तो अजून तेवतोय असं मानतात. ही गोष्ट जरा बाजूला ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

दगडावरची ओळखीची अक्षरं

आता एक काम करा. इथल्या थडग्यांचा आकार नीट बघा. पाच दगड एकावर एक. खाली चौकोनी, त्यावर गोल, मग उतरत्या छपरासारखा, मग अर्धगोल, आणि टोकाला कळीसारखा. याला गोरिंतो म्हणतात. पाच दगड म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पंचमहाभूतं, आपल्याच क्रमानं!

आणि पुष्कळ दगडांवर पाच अक्षरं कोरलेली असतात. ती जपानी नाहीत, चिनीही नाहीत. लिपीचं नाव सिद्धम्. ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीण. खालून वर वाचायचं: अ, व, र, ह, ख. भारतात ही लिपी कधीच वापरातून गेली, पण जपानी भिक्षूंनी ती हजार-बाराशे वर्षं जपली.

इतकंच नाही. जपानी मुलं आज जी बाराखडी शिकतात तिचा क्रम बघा: आधी स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या क, च, ट, त, प, य, र, ल, व च्या चालीसारखं वाटतं ना? सिद्धम् शिकलेल्या भिक्षूंच्या अभ्यासातूनच हा क्रम बसला. तेव्हा जपानी शिकताना आपल्याला ही मांडणी पटकन जमते, त्याचं कारण या दगडांपाशी आहे.

पण आता तो प्रश्न

इतका सगळा मोठेपणा सांगितल्यावर दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. या डोंगरावर बायकांना प्रवेश नव्हता. वर यायच्या सात वाटा होत्या, आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी बायकांसाठी एक दालन होतं, न्योनिन्दो. तिथपर्यंत यायचं, तिथेच राहायचं, तिथूनच हात जोडायचे. काही जणी मग गावात न शिरता भोवतीच्या डोंगरांवरून फिरायच्या आणि मधल्या फटींतून कळस दिसतोय का बघायच्या. त्या वाटेला आजही "बायकांची वाट" म्हणतात. सातांपैकी एकच न्योनिन्दो उरलंय. केबल कारच्या स्टेशनवरून येणारी बस त्याच्यासमोरूनच जाते. तिथे उतरा. छोटंसं आहे, पाच मिनिटांत बघून होतं. पण टाळू नका.

कुकाईच्या स्वतःच्या आईलाही वर येता आलं नाही असं सांगतात. ती डोंगराच्या पायथ्याशी जिसोनइन इथे राहिली, आणि लेक महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला यायचा. म्हणून त्या गावाचं नाव कुदोयामा, नऊ वेळांचा डोंगर. दंतकथाच आहे ही. पण विचार करा, लेक संत म्हणून वर पुजला जातोय आणि आई खाली बसलीय.

आणि ती केस विकणारी मुलगी? तिचा दिवा वर गेला. तिला मात्र त्या काळच्या नियमानं वर जाता येणार नव्हतं.

१८७२ साली जपान सरकारनं तीर्थक्षेत्रांवरची अशी बंदी उठवली. कोयासानवर ती प्रत्यक्षात संपायला विसावं शतक उजाडावं लागलं. आज काहीही बंदी नाही, आई थेट समाधीपर्यंत जाऊ शकते. पण सगळीकडे असं झालेलं नाही, तेही सांगते. याच वारसा यादीतल्या ओमिने पर्वतरांगेतलं सान्जोगाताके हे शिखर आजही बायकांना बंद आहे. वाटेवर तशी पाटीच आहे. तेव्हा जपान म्हणजे सगळं सुधारलेलं आणि आपण मागासलेले, इतकं सोपं ते नाही.

बाबासाहेब कोयासानवर

आता तो सोडून दिलेला धागा. कोयासानवर एक विद्यापीठ आहे, कोयासान विद्यापीठ. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. २०१५ साली तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

ज्या माणसानं १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह उभा केला, आणि १९५६ साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो माणूस आज अशा डोंगरावर आहे, जिथे अर्ध्या माणसांना शतकानुशतकं प्रवेश नव्हता. मला त्या जागेचा अर्थ तिथे सगळ्यात जास्त लागला. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई कित्येक दशकं नागपुरात राहिले, हे विदर्भातल्या श्रोत्यांना माहीत असेलच. म्हणजे ही वाट दोन्ही बाजूंनी चालती आहे.

मुक्काम आणि जेवण, कारण आई उपाशी राहता कामा नये

कोयासानवर हॉटेल शोधू नका. पन्नासेक मठांमध्ये राहायची सोय आहे, तिला शुकुबो म्हणतात. आपलं भक्तनिवास समजा, फक्त जास्त नीटनेटकं आणि बरंच महाग. दोन वेळच्या जेवणासकट माणशी दहा हजार येनांच्या वरच धरा. चटयांची खोली, जमिनीवर गादी, बऱ्याच ठिकाणी आंघोळीची जागा सामायिक. बायकांची आणि पुरुषांची वेगळी असते, पण आईला आधी सांगून ठेवा. रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच येतं. उशिरा पोचलात तर हुकलं!

जेवणाचं नाव शोजिन र्योरी. मांस नाही, मासे नाहीत, आणि परंपरेनं कांदा-लसूणही नाही. जपानमध्ये शाकाहारी माणसाचा घोटाळा कुठे होतो माहितीये? साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. मठात तो अर्क समुद्री शेवाळ आणि मशरूमचा करतात. तिळाचा मऊसूत गोमा-दोफू आणि गोठवून वाळवलेला कोया-दोफू, हे दोन्ही इथले खास. तरी बुकिंग करताना "मासा नको, माशाचा अर्क नको" हे लिहाच. आणि जैन श्रोत्यांनो, कंदमुळं असतात बरं का.

सकाळी सहा-साडेसहाला प्रार्थना असते. पाहुण्यांना बसता येतं. काही मठांत पाठोपाठ गोमा होतो, म्हणजे अग्नीत समिधा टाकत मंत्र म्हणणं. "गोमा" हा शब्द आला कुठून? "होम"वरून.

दिवसा कोन्गोबुजी हा मुख्य मठ बघा. त्याची दगड-वाळूची बाग जपानमधली सगळ्यात मोठी मानतात. पांढऱ्या वाळूच्या ढगांत दोन ड्रॅगन, दगड कुकाईच्या जन्मभूमीतून, शिकोकूहून आणलेले. जवळच दान्जो गारानमध्ये सुमारे ५० मीटर उंचीचा शेंदरी स्तूप-मनोरा आहे, आताची इमारत १९३७ची.

कुमानो: या, सगळे या

आता दुसरी जागा. द्वीपकल्पाच्या दक्षिणेला कुमानोची तीन मोठी देवस्थानं: होंगू, हायातामा आणि नाची. इथे सम्राट यायचे आणि भिकारीही. बायका यायच्या, महारोगी यायचे. शुद्ध-अशुद्ध न विचारता घेणारा देव, अशी कुमानोची जुनी ख्याती.

चालणाऱ्या वाटांना कुमानो कोदो म्हणतात. त्यातली नाकाहेची ही सगळ्यांत प्रसिद्ध. ताकिजिरीपासून होंगूपर्यंत अडतीसेक किलोमीटर, जंगलातून, चढउतारांची. पण घाबरू नका. होश्शिन्मोन ओजीपर्यंत बसनं जाऊन तिथून होंगूपर्यंत सातेक किलोमीटर चाला. बहुतेक उतार आहे, मधे खेडी आणि चहाचे मळे. सावकाश गेलात तरी तीन तास. ओजी म्हणजे वाटेवरची छोटी देवस्थानं. तिथे लाकडी पेटीत शिक्के असतात, आपल्या वहीत उमटवत जायचं. आईला हा खेळ आवडेल.

होंगूचं देऊळ पूर्वी नदीच्या बेटावर होतं. १८८९च्या पुरात बरंच वाहून गेलं, वाचलं ते उचलून टेकडीवर मांडलं. जुन्या जागेवर आता ३३.९ मीटर उंचीची कमान, म्हणजे तोरी, उभी आहे. भाताच्या खाचरांमागे ती अचानक दिसते तेव्हा पाय आपोआप थांबतात. इथला तीन पायांचा कावळा सगळीकडे दिसेल. जपानच्या फुटबॉल संघाच्या चिन्हावरचा तोच!

जवळ युनोमिने हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. तिथलं त्सुबोयू हे लाकडी खोपटातलं कुंड. एका वेळी एक कुटुंब, अर्धा तास. यात्रेकरू इथे शुद्ध होऊन पुढे जायचे. दंतकथेतला ओगुरी नावाचा सरदार, मरणासन्न आणि विद्रूप, लोकांनी गाडीवरून ओढत इथे आणला आणि इथेच बरा झाला. ज्यांनी ज्यांनी दोरी ओढली त्यांना पुण्य. पालखीचा रथ आठवतो ना?

आणि शेवटी नाचीचा धबधबा. १३३ मीटर. आधी मूर्ती शोधाल, सापडणार नाही. धबधबाच देव आहे. शेजारच्या सेइगान्तोजी या बौद्ध मंदिराची स्थापना भारतातून लाटांबरोबर आलेल्या एका साधूनं केली अशी आख्यायिका आहे. शिंतो देऊळ आणि बौद्ध मंदिर तिथे भिंतीला भिंत लावून उभी आहेत.

थोडं नियोजन

कोयासानला एक रात्र, कुमानोला दोन. कोयासानहून होंगूला जाणारी कोहेची ही पायवाट ७० किलोमीटरची आणि हजार मीटरवरच्या खिंडींची आहे, ती पट्टीच्या ट्रेकर्ससाठी. आईबरोबर असाल तर हंगामी बस बघा, ती बारा महिने नसते. नाहीतर ओसाकाला परत या आणि कुरोशिओ गाडीनं की-तानाबे गाठा, दोन-सव्वादोन तास, पुढे बस. बसचं वेळापत्रक आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, एक चुकली तर पुढची लवकर येत नाही. जवळ रोख पैसे असू द्या. कोयासान ओसाकापेक्षा चांगलंच थंड, हिवाळ्यात बर्फ. आईला कानटोपी लागेलच, फक्त शेवटच्या पुलावर काढायची.

तर, साताऱ्याच्या लेकी, आईला सांग: हो, आत घेतात. पण कोयासानला गेलात की आधी न्योनिन्दोशी उतरा. तिला सांग, इथे बायका थांबायच्या. ज्या वर जाऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी मिनिटभर तिथे थांबा. आणि मग तिचा हात धरून पुढे चालायला लाग.

तुमच्या आईला, आजीला कुठल्या देवळाबाहेर थांबावं लागलं होतं का? विचारा त्यांना, आणि व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात ऐकू. तोवर, राम कृष्ण हरी!